पाचवीचं लुगडं

नंदिनीनं उकळत्या पाण्यातून काढलेली कात्री नाळेला लावली, तेवढ्यात तानाबाईनं तिचं मनगट धरलं.

"कापू नगासा, नर्सबाई."

"मूल निळं पडलंय, तानाबाई. सोडा हात."

"म्हनूनच म्हंतोय. जरा दम धरा की."

वार लगोलग पडली होती, पण मूल काही रडलं नव्हतं. रबरी नळीनं घशातला चिकटा ओढून झाला, पाठ चोळून झाली, तळपायावर टिचक्या मारून झाल्या. नंदिनी जे जे शिकली होती ते सगळं संपलं होतं. चिमणाबाईची आधीची दोन मुलं अशीच न रडता गेली होती. म्हणून तर या खेपेला तिचा नवरा सयाजी आईच्या शिव्या खाऊन सुईण आणि सरकारी नर्स दोघींनाही घेऊन आला होता.

तानाबाईनं वार खापरात घेतली, खापर निखाऱ्यांवर ठेवलं आणि ऊन झालेली नाळ दोन बोटांत धरून मुलाच्या पोटाकडं हलके हलके सारू लागली.

"मी हितनं जीव धाडतो. तुमी तोंडानं फुका."

कोल्हापूरच्या ट्रेनिंगमध्ये असलं काही कुणी शिकवलं नव्हतं. सुईणींच्या रीतींना तिथल्या बाई सरसकट नाक मुरडत. पण नाक मुरडायला आता सवड कुणाला होती? नंदिनीनं कात्री बाजूला ठेवली आणि मुलाच्या इवल्याशा तोंडावर तोंड टेकून बेतानं फुंकर घातली. पुन्हा घातली. किती वेळा ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. मग ते पोर अंग आक्रसून शिंकलं, आणि त्यानं असं काही भोकाड पसरलं की बाहेर ओट्यावर बसलेला सयाजी धावत दाराशी आला.

"आता कापा खुशाल," तानाबाई म्हणाली.

आजऱ्याच्या बाजूची पाच गावं नंदिनीच्या वाट्याला होती. आठ महिने खांद्याला पिशवी अडकवून ती बांधाबांधानं हिंडत होती. बायका मोठ्या प्रेमाच्या. चहा पाजत, पोरांना लस टोचून घेत, ओटीत ओंजळभर काजू घालत. बाळंतपणाला मात्र बोलावणं जायचं ते तानाबाईकडं. नंदिनीच्या रजिस्टरात बाळंतपणाचं पान कोरंच्या कोरं. मागच्या मीटिंगला डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, मार्चपर्यंत पान असंच राहिलं तर तुमची बदली करून केंद्र दुसऱ्या गावाला देऊ. या गावांचा तिला लळा लागला होता, आणि तसं सांगायची तिला लाजही वाटत नसे.

पाचव्या दिवशी सयाजीची आई बाळाबाई स्वतः निरोप घेऊन आली.

"पाचवीला यायचं, नर्सबाई. आन् येताना कात्री घिऊन या. जेनं नाळ कापली, ते पूजंला लागतं."

तशी रीतच होती. एरवी सटवाईपुढं पाट्याशेजारी तानाबाईचा विळा असायचा. त्या दिवशी तिथं सरकारी कात्री हळदीकुंकू लेवून बसली होती. तिच्याकडं बघून नंदिनीला हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. पूजा झाली तशी बाळाबाईनं लुगडं, खण आणि नारळ तिच्या हातात ठेवला. हा मान सुईणीचा.

"अहो, हे तानाबाईंचं..."

"घ्या वो! तानाबाईनंच सांगिटलंय गावभर. नर्सबाई नसत्या तर पोर हाताला लागत नव्हतं म्हनून."

तानाबाई दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून बसली होती. नंदिनी तिच्यापुढं जाऊन बसली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"असं का सांगितलंत? मूल तुम्ही जगवलंत. मी सगळ्यांना सांगणार आहे आता."

तानाबाईनं हात पुढं केला. लुगड्याच्या घडीवरून, काठावरून बोट फिरवलं.

"काठ चांगला हाय. रंग कंचा हाय वो?"

लुगडं तिच्या पुढ्यात, ऐन उन्हात होतं. नंदिनीनं तिच्या डोळ्यांपुढून हळूच हात फिरवला; पापणी लवली नाही.

"दोन सालं झाली," तानाबाई ओठांतल्या ओठांत म्हणाली. "हातानंच चाललंय सगळं. कुनाला म्हाईत न्हाय. मी सांगिटलं तर पोटुशा पोरींच्या काळजाचं पानी व्हईल, आन् न्हाय सांगिटलं तर पुढल्या बारीला बी मलाच बलिवतील. कवातरी हात चुकंल की, नर्सबाई. आता तुमी हाईसा. खरं सांगून माझं काम वाढवू नगासा."

"काय म्हंतीया म्हातारी?" बाळाबाईनं आतून विचारलं.

नंदिनीच्या जिभेवर खरं येऊन थांबलं होतं. तिनं ते गिळलं.

"रंग आवडला म्हणतात," ती म्हणाली. मग तानाबाईच्या कानाशी वाकून सांगितलं, "हिरवा आहे. गर्द."

तानाबाई मान डोलवत हसली.

नंदिनीनं लुगडं कपाळाला लावलं आणि तानाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. जरा जास्तच वेळ ठेवलं. आतल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, शिकलेली असून नर्सबाई लई रीतीची हाय.