न विस्कटलेले फडताळ

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराआड उभे असलेले हे जुने फडताळ म्हणजे मी. माझा एक पाय तोकडा आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. मला घडवणारा सुतार मापे घ्यायला आला, तेव्हा त्याने घरातल्या आईला विचारले, "वहिनी, डबे किती आहेत?" ती हसून म्हणाली, "आज नऊ. उद्याचं काय सांगू?" सुताराने आपणहून एक खण जास्त दिला. तोही वर्षभरात भरला.

त्या घरात एक घड्याळजी, त्यांची बायको आणि मुलगी राहत. आईचा कारभार परक्याला गोंधळच वाटे. डब्यांवर नावे नव्हती आणि एकाला दुसरा जुळत नव्हता. पोचा पडलेल्या डब्यात साखर, चौकोनी डब्यात चहा, घट्ट झाकणाच्या बुटक्या डब्यात मीठ. मुलगी शाळेतून आली की हळूच साखरेची चिमूट तोंडात टाकी. माझे दार तेव्हा दिवसातून पन्नासदा उघडे. काय दिवस होते ते!

पुढे मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. काही वर्षांनी आई वारली. बारीक कामाने बाबांची नजर अधू झाली होती, पण बोटे तल्लख होती. साठी उलटल्यावर ते स्वयंपाक शिकले. डबा हाताला लागला की आत काय आहे ते त्यांना कळे. डाळ कधी पातळ होई, कधी करपे. पण रोज शिजे.

एका सुट्टीत मुलगी आली. मला उघडताच तिने कपाळाला हात लावला. "बाबा, काय हा पसारा! थांबा, असं लावून देते की पुन्हा बघायलाच नको."

दोन दिवस ती राबली. बत्तीस एकसारख्या काचेच्या बरण्या आल्या, त्यांवर सुबक चिठ्ठ्या लागल्या. जुने डबे माळ्यावर गेले. खरे सांगायचे तर मीही हरखून गेले. इतके देखणे मी कधीच दिसले नव्हते. बाबा एवढेच म्हणाले, "छान झालं हो." लेकीचा उत्साह त्यांना मोडवला नाही.

ती गेली. पहिल्याच दिवशी बाबांनी चहात मीठ घातले. दुसऱ्या दिवशी बरणी निसटून फुटली, तळहात कापला. मग त्यांनी मला उघडणेच सोडले. पाव आणि केळी यांवर ते दिवस काढू लागले. फोनवर मात्र म्हणत, "सगळं झकास चाललंय!" मला सारे दिसत होते, पण मी कुणाला सांगणार?

दोन महिन्यांनी मुलगी आली आणि आधी मलाच उघडले. "वा बाबा! जसंच्या तसं ठेवलंत की!"

मग तिचा हात थांबला. एक बरणी कमी होती, पण बाकीच्या काठोकाठ भरलेल्या होत्या. पिठाचा तिने स्वतः सपाट केलेला थरही तसाच होता. तिने वळून बाबांच्या ढगळ झालेल्या सदऱ्याकडे पाहिले.

"बाबा, तुम्ही जेवता ना?"

"अगं, सगळ्या बरण्या हाताला सारख्याच लागतात," बाबा ओशाळून म्हणाले. "तू एवढं मनापासून केलंस. कसं सांगणार?"

माझ्या दाराला डोके टेकून ती रडली. मग तिने माळ्यावरून डबे उतरवले. बाबांना रोज लागणाऱ्या फक्त सात वस्तू तिने मधल्या खणात ठेवल्या, तेही बाबा सांगतील त्या जागी. बाकीचे खण तिने आवरलेच नाहीत.

"आठवड्याभरात विस्कटेल हं पुन्हा," बाबा म्हणाले.

"विस्कटू दे. मी येईन तेव्हा मला पसारा दिसला पाहिजे!"

मित्रांनो, तुमच्या घरचे फडताळ जरूर आवरा. फळ्या पुसा, धान्याला कीड लागू देऊ नका. पण ते कायम चित्रासारखे राहील अशी आशा धरू नका. आणि हात लावण्याआधी, तिथे रोज ज्याचा हात जातो त्याला एकदा विचारा.

आज सकाळी माझ्या मधल्या खणात पीठ सांडले आहे. अजून कुणी पुसलेले नाही. पुसतील सावकाश. बाबा जेवायला बसले आहेत.