फादर हुडाकांचा वर्ग

"मग आईला मी काय सांगायला हवं होतं?" फादर सिरिल हुडाक यांनी विचारलं आणि गोल टेबलाभोवती बसलेल्या मुलांकडे एकेक करून पाहिलं.

सरोवरावरून आलेला वारा खिडकीच्या काचांवर बर्फ आपटत होता. कोपऱ्यात वेगळी खुर्ची घेऊन लोरेटा ब्रेनन बसली होती. सेंट कॉर्बिनियन विद्यापीठातल्या ऑनर्स विभागाची ती प्रमुख. दरवर्षी निवडून घेतलेली मोजकी हुशार मुलं, त्यांचे हे लहान लहान वर्ग, सगळं तीच बघायची. ऐन विशीत तीही याच टेबलाशी, याच फादरांसमोर बसली होती.

"मी आठ वर्षांचा," फादर सांगत होते. "बाबा सकाळी ओतशाळेत कामाला गेले आणि भट्टीपाशीच वारले. आई बाळंत होऊन दवाखान्यात पडलेली. मावशीनं मला दारातच धरलं. म्हणाली, सिरिल, आईनं विचारलं तर सांग, बाबांना जादा पाळी लागलीय. आणि आईनं विचारलंच."

"तुम्ही खरं सांगितलंत," मॅरिसोल ट्रेहो हळूच म्हणाली.

"सांगितलं. आई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग उठली आणि बाळाला जवळ घेतलं. मी खोटं बोललो असतो तर ते दोन दिवस ती दाराकडे डोळे लावून पडली असती. दयेपोटी बोललेलं खोटं ते हे असं."

"पण फादर," डेक्लन म्हणाला, "आठ वर्षांच्या पोरावर हे ओझं टाकायचंच कशाला? मावशीनं स्वतः सांगायचं की."

फादरांचा चेहरा उजळला. "अरे, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

लोरेटानं मान खाली घातली. ती इथे येऊन बसली होती ती डेक्लनच्या वडिलांच्या फोनमुळे. "महिनाभर माझा मुलगा नीतिशास्त्राचं एकच प्रकरण वाचतोय," ते म्हणाले होते. "ऑनर्स म्हणजे हेच असतं का तुमच्याकडे?" तिला वाटलं होतं, काहीतरी गैरसमज असेल. आता समोर पाहिल्यावर गैरसमजाला जागा उरली नव्हती. उघड्या वह्यांत हीच गोष्ट आधीच लिहिलेली होती, तरी माना हलत होत्या, प्रश्न येत होते. आणि ही गोष्ट पहिल्यांदाच सांगितली जातेय असं वाटणारे तिथे एकटे फादरच होते.

वर्ग सुटल्यावर तिनं मॅरिसोल आणि डेक्लनला जिन्यापाशी गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी मॅरिसोल म्हणाली, "ख्रिसमसच्या सुट्टीनंतर. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, उजळणी घेताहेत. दुसऱ्यांदा कळलं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचा वर्ग काढून घेतला असता."

"मग तुम्ही करत काय होता?"

"रविवारी कँटीनमध्ये बसतो," डेक्लन म्हणाला. "या वेळी कुणी काय विचारायचं ते वाटून घेतो. दर वेळी तोच प्रश्न आला तर त्यांनाही कंटाळा येईल ना. पुढची प्रकरणं आमची आम्ही वाचतोय प्रोफेसर, अभ्यास बुडवला नाही. बाबांना काय, ते वही उघडून बघतात आणि फोन लावतात."

"आज मावशीचं तू काढलंस ते ठरवून?"

"ते मॅरिसोलचं होतं. मला नुसतं बोलायचं होतं."

मॅरिसोलनं बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळला. "माझ्या आजीचं असंच झालं. आम्ही घरात दर वेळी तिची चूक काढायचो. शेवटी शेवटी तिनं बोलणंच सोडलं." जरा थांबून तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना सांगणार?"

लोरेटा जिना उतरू लागली.

फादर हुडाक या इमारतीत म्हातारे झाले होते. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, कुठलं पद मिळवलं नाही. त्यांच्या पाठून आलेले लोक डीन झाले, बिशपही झाले. ते मात्र पहिल्या वर्षाच्या ऑनर्सच्या पोरांना घेऊन बसायचे आणि म्हणायचे, हुशारांना शिकवणं सगळ्यांत अवघड, त्यांना सगळं लवकर पटतं. लोरेटाचं लग्न त्यांनीच लावलं होतं. ते मोडलं तेव्हा संध्याकाळी येऊन तिच्या स्वयंपाकघरात मुकाट बसायचे, आणि जाताना कपबशी विसळून ठेवायचे.

शुक्रवारी ती पाद्री मंडळींच्या निवासात त्यांच्याबरोबर जेवायला गेली. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, त्यामुळे ताटात तळलेला मासा आणि कोबीचं सॅलड. फादरांनी माशावर लिंबू पिळलं, मग थोड्या वेळानं पुन्हा पिळलं.

"फादर, मी विचार करत होते," लोरेटानं सुरुवात केली. "हिवाळा फार कडक आहे यंदा. रस्त्यावर बर्फ. तुमची दगदग होते. हे सत्र जर थोडं हलकं..."

"लोरेटा."

"हां, फादर?"

"मावशीसारखं बोलू नकोस."

तिनं काटा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे पाद्री हॉकीच्या सामन्यावरून वाद घालत होते. त्यांचं हसणं ओसरेपर्यंत ती थांबली.

"तुम्ही वर्गात तेच ते प्रकरण घेताय," ती म्हणाली. "दर मंगळवारी. तुमच्या लक्षात राहत नाही."

फादरांनी ताटाकडे पाहिलं. "आईची गोष्टही?"

"तीही."

"दर वेळी?"

"दर वेळी."

हाताच्या बोटांनी त्यांनी टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा केले.

"हसतात का गं पोरं?"

"एकदाही नाही हसली. आपसात ठरवून नवे नवे प्रश्न आणतात. तुम्हाला कळू नये म्हणून."

"म्हणजे माझ्याच वर्गात बसून मला फसवतात."

"हो फादर."

"इतकी वर्षं घसा कोरडा केला खोटं बोलू नका म्हणून, त्याचं हे फळ." ते हसायला गेले, पण हसू राहूनच गेलं. "डोकं कुणाचं?"

"मॅरिसोलचं."

"ती उंच मुलगी?"

"नाही, बुटकी. खिडकीपाशी बसते ती."

"खिडकीपाशी," फादर म्हणाले आणि डोळे मिटून ती जागा आठवू लागले. त्यांना चेहरा सापडला की नाही, लोरेटाला कळलं नाही. डोळे उघडून त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"सांगितलंस ते बरं केलंस. अवघड गेलं असेल."

रडू येऊ नये म्हणून ती पाणी प्यायली.

"मंगळवारी तूच घे," ते म्हणाले. "आणि पुढचं प्रकरण घे हं. हे झालंय त्यांचं."

मंगळवारी तिनं वर्ग घेतला. फादरांची नेहमीची खुर्ची भिंतीशी सरकवून ती दुसरीवर बसली. मुलांना तिनं सगळं सरळ सांगितलं. मॅरिसोलनं पुस्तक उघडलं, पानं उलटली आणि पुढच्या प्रकरणावर बोट ठेवून बसली. चर्चा अडखळत सुरू झाली; मुलं नीट बोलत होती, पण जपून, परक्या घरी जेवायला बसल्यासारखी.

अर्धा तास झाला असेल. दार उघडलं.

फादर हुडाक दारात उभे होते. अंगात जाड कोट, टोपीवर बर्फ, काखेत पुस्तक. धापा टाकत होते. त्यांनी बोलणाऱ्या डेक्लनकडे पाहिलं, मग लोरेटाकडे.

ती अर्धवट उठली. काय म्हणायचं ते तिला माहीत होतं, शुक्रवारी म्हटलंही होतं. पण आज या सगळ्या मुलांसमोर ते तोंडातून निघेना.

फादरांनी टोपी काढली. तिच्यावरचा बर्फ बाहेरच्या पायपुसण्यावर झटकला, दार सावकाश लावून घेतलं. भिंतीशी सरकवलेल्या खुर्चीकडे ते गेले नाहीत. टेबलाला वळसा घालून मुलांमधली एक रिकामी खुर्ची त्यांनी ओढली आणि बसले. पुस्तक उघडलं, पण कुठलं पान ते कळेना, म्हणून शेजारी वाकून बघू लागले. मॅरिसोलनं आपलं पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं.

"बोल, डेक्लन," लोरेटा म्हणाली.

डेक्लन पुन्हा बोलू लागला. मध्येच शब्द हरवत होता, मागे जाऊन वाक्य धरत होता. फादर कान देऊन ऐकत होते. मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. त्यांनी कोटाची बाही सावरली आणि हात वर केला.

डेक्लनचं अजून संपलं नव्हतं. त्याचं होईपर्यंत फादर तसेच, हात वर धरून, आपली पाळी येण्याची वाट बघत बसले.