अठराव्या दिवशीचा फोन

चेनबाईच्या दुकानाला पाटी नव्हती. पँटची चेन तुटली, जर्किनची अडकली, दप्तराची उसवली, की लोक म्हणायचे, टाका चेनबाईकडे. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीत काउंटर, काउंटरवर फोन आणि मागच्या खोलीत आई. गिऱ्हाईक चहा पिऊन येईस्तोवर काम तयार. जीभही हातासारखीच चालायची, पण खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. आयुष्यात एकदाच जमलं आणि नेमकं तेवढंच सगळ्यांनी खरं मानलं. याला नशीब म्हणायचं की कर्म, तुम्हीच ठरवा.

बावीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण नाहीशी झाली. धाकटीचा नवरा सुतार. भाड्याच्या जागेत त्याचा खुर्च्या-टेबलांचा छोटा कारखाना होता. तोच सांगत आला. "ताई, ती भांडली आणि बॅग भरून निघून गेली. दुसरं कुणीतरी असणार तिचं." इतक्या साळसूदपणे बोलला की चेनबाईनं त्यालाच पाणी दिलं. दहाव्या दिवशी त्यानं कारखान्याची किल्ली मालकाला परत केली. म्हणे, तिथं जीव घुसमटतो. लोकांना त्याचीच कीव आली. चोर तो चोर, वर शिरजोर!

इकडे आईनं अन्न सोडलं. समजावून झालं, रागावून झालं, डॉक्टर आणून झाला. अठराव्या दिवशी दुपारी चेनबाई ताट घेऊन आत गेली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, आत्ता फोन आला होता तिचा. परगावी काम धरलंय. बरी आहे. आईला सांग, जेव म्हणाली."

आई जेवली. चेनबाईला वाटलं, जिंकलं.

पण पोटात घास गेला तशी आईच्या अंगात ताकद आली, आणि ताकद आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे गल्लीभर सांगत सुटली. चौथ्या दिवशी फौजदार काउंटरवर हजर. "फोन आला होता म्हणे. आवाज ओळखलात?" मागे दारात आई उभी, चार दिवसांत तोंडावर जरा रया आलेली. आता तिच्यासमोर नाही कसं म्हणायचं? चेनबाई म्हणाली, ओळखला. फौजदारानं लिहून घेतलं, तिनं सही केली. धाकटी स्वतःहून गेली असा शेरा मारून पोलिसांनी हात झटकले.

नंतर जाऊन खरं सांगायचं तिनं कितीदा ठरवलं. पण आज आईला ताप, उद्या दुकानात गर्दी. वर्ष गेलं, पाच गेली. खोट्याचीही सवय होते माणसाला. कधीकधी फोन वाजला की तिच्याच काळजात लक्कन व्हायचं.

मग गेल्या वर्षी त्या कारखान्याच्या जागेत पाइप टाकायला फरशी उकरली, आणि खाली हाडं निघाली. कवटीला मागून फटका होता. आईचं रक्त घेऊन तपासणी केली, ती जुळली. सुताराला धरलं. तोवर त्याचं दुसरं लग्न झालेलं, पोरं कॉलेजात. चेनबाई रडली ती रडली, पण मनात म्हणाली, बाई गं, उशिरा का होईना, तुझा न्याय होईल.

सरकारी वकिलांनी तिला बोलावून जुन्या जबाबाचा पिवळा कागद पुढे सरकवला. "ही सही तुमची?"

"माझीच."

"मग ऐका. किल्ली त्यानं दहाव्या दिवशी परत केली. त्यानंतर तिथं छापखाना आला, पन्नास माणसं आली-गेली. तुमच्या कागदाप्रमाणे बहीण अठराव्या दिवशी जिवंत होती. म्हणजे तिला पुरलं ते नंतर. म्हणजे यानं नाही."

"अहो, पण फोन आलाच नव्हता!"

"हे तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल. आणि कोर्टाला पटावं लागेल. सगळी केस त्यावर आहे."

साक्षीच्या आदल्या दिवशी तिनं आईलाही सांगून टाकलं, फोन आलाच नव्हता म्हणून. आईचं वय एक्याऐंशी. ती शेंगा सोलत होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि सोलत राहिली.

कोर्टात आरोपीच्या वकिलानं तिला उसवून काढलं. तेव्हा खरं बोलत होतात की आता? बावीस वर्षं गप्प का? खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे? चेनबाई म्हणाली, "साहेब, फोनचं कळल्यावर गल्लीतल्या कुत्र्यानं तेवढं विचारायचं बाकी होतं, काय म्हणाली म्हणून. यानं एकदाही विचारलं नाही. नवरा ना हा तिचा? त्याला ठाऊक होतं, ती फोन करूच शकत नाही."

वकील हसला. "न विचारणं कुठल्या कायद्यात बसतं, बाई?" मागं दोघंतिघं हसले. सुतार खाली बघत बसला होता, तोच जुना साळसूद चेहरा.

घरी आल्यावर तिनं रागारागात आईला सगळं सांगितलं. मला खोटारडी म्हणाला, गुन्हा आहे म्हणाला. हीच तिची चूक. आई आपल्याशीच पुटपुटली, "गुन्हा म्हणजे तुरुंग ना गं?" चेनबाई मशीनवर बसली होती, तिनं लक्ष दिलं नाही.

फोनची बातमी गल्लीभर केली होती ती आईनंच, म्हणून पुढच्या तारखेला आरोपीच्या वकिलानं तिला साक्षीला बोलावलं. म्हातारी दोघांच्या आधारानं चढून उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "फोन आला होता. मी स्वतः बोलले तिच्याशी. माझी थोरली खोटं बोलत नाही."

सरकारी वकिलांनी परोपरीनं विचारलं. ती तसूभर हलली नाही. चेनबाई बाकावरून अर्धी उठली आणि परत बसली. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडावं तर कुणावर?

निकालाच्या दिवशी आईचे गुडघे धरले होते, म्हणून ती घरीच राहिली. न्यायाधीशबाईंनी शांतपणे वाचलं. संशयाचा फायदा. सुटका. अपील करू, सरकारी वकील म्हणाले, पण म्हातारीची साक्ष आहे तशीच राहणार, हेही म्हणाले. सुताराची पोरं त्याच्या गळ्यात पडली. चेनबाई पायऱ्या उतरली, दोन बस सोडल्या आणि चालतच घरी आली.

आई दाराकडे तोंड करूनच बसली होती. "तुला काही केलं नाही ना त्यांनी?"

"मला काय करणार?"

"गुन्हा म्हणत होते. एक गेली, दुसरीला पण नेतील की काय, असं वाटलं मला. म्हणून म्हटलं, आपण बोलावं." मग आईनं विचारलं, "त्याला किती वर्षं लागली?"

चेनबाईनं खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली.

"अगं, हाडं सापडली ना? आता फोनचं काय एवढं? किती वर्षं?"

चेनबाई जमिनीवर तिच्याजवळ बसली. बोटांवर दिवस मोजून तिनं आईला सगळं समजावलं, दहावा दिवस, अठरावा दिवस, किल्ली, छापखाना. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा आईला कळलं. तशी ती भिंतीला धरून उठायला लागली.

"कुठं निघालीस?"

"कोर्टात. सांगते त्यांना, मी खोटं बोलले म्हणून. चप्पल दे माझी."

"आई, आता आपलं कोण ऐकणार गं?"

"पाच वाजेपर्यंत असतात म्हणालीस ना तू? मग अजून वेळ आहे."

चेनबाईनं घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कुणी ऐकणार नव्हतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं चप्पल आणून आईच्या पायात घातली आणि पट्टा लावून दिला.