पतंगाची झडती

पालमजवळच्या एका गावात सगळ्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे वेचणीनंतरच्या वाळक्या झाडांचे, ढीग मोडले होते. उरला होता एकट्या बायनाबाईचा. ढिगातल्या वाळक्या बोंडांत गुलाबी अळी उन्हाळाभर झोपते आणि पाऊस पडला की पतंग होऊन शेताशेतात पसरते. म्हणजे हा एक ढीग राहिला की गावाची मेहनत पाण्यात. म्हणून कृषी सहायक सुकेशनी पऱ्हाट्यांचा भुगा करणारं कुट्टीचं मशीन दारात उभं करून तासभर म्हातारीची मनधरणी करत होती. बायनाबाई ढिगाला पाठ लावून बसली होती. वर्षाचं जळण असं कोण सोडतं?

शेवटी सुकेशनीनं मोबाईलवर एका पट्टेरी जनावराचा फोटो दाखवला.

"मावशी, ह्यो तस्मानियाचा वाघ. पोटाला पिशवी, पिशवीत पिल्लं. मेंढ्या खातो म्हणून लोकांनी मारून मारून संपवला. येवढा वाघ संपला, मग नखायेवढा पतंग का संपंना? वाघाला पिल्लं तीन-चार, पतंगाची अंडी शंभरावर. वाघाला दडायला एक बेट, पतंगाला तुमचा ढीग."

आपण लय हुशारीनं बोललो, असं तिला वाटलं. तिथंच फसलं. बायनाबाईचे डोळे भरून आले.

"लेकरं पोटाशी घेऊन हिंडायचं की गं. मेंढ्या खाताना कुणी बघितलं व्हतं?"

सुकेशनीला खोटं बोलता येत नव्हतं. "थोड्या खाल्ल्या असतील. पण आता म्हणतात, आळच जास्त घेतला."

"मंग पतंगावरबी आळच असंल. न्हाई देत मी ढीग."

पोरीनं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. मशीनवाला लिंबाजी तोंड फिरवून हसायला लागला.

"आसं कर," बायनाबाई म्हणाली, "आधी झडती घेऊ."

तिनं ढिगातलं एक वाळकं बोंड फोडलं. रिकामं. दुसरं फोडलं, तेही रिकामं. तिसऱ्यातही काही निघेना, तेव्हा सुकेशनी खाली वाकून बघायला लागली. चौथ्यात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. बायनाबाईनं त्या नखानं सोडवल्या. आत गुलाबी अळी वेटोळं करून निवांत झोपली होती.

बायनाबाईनं पदर खोचला. "लिंबाजी, लाव मशीन."

मशीन धडधडायला लागलं तसा तिनं सुकेशनीच्या हातातला मोबाईल घेतला आणि त्या पट्टेरी जनावराकडं बघत म्हणाली, "ह्या अळीवर आळ घ्यायच्या आधी मी चार बोंडं फोडून बघितली, बाबा. तुझ्यासाठी कुणी येवढंबी केलं न्हाई."