निळ्या झालरीची गादी

२०२३ सालचा मे महिना. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी बारा वाजता कुंदाताईंची सून पौर्णिमा नागपूरच्या एका कॉलेजला लॅपटॉपवरून मुलाखत देणार होती. चार वर्षं ती या नोकरीची वाट पाहत होती.

लॅपटॉप मात्र अर्ध्या तासात असा तापे की हात ठेववत नसे. आतला पंखा घरघरू लागे आणि थोड्या वेळाने पडदा काळा. सराव घेताना मैत्रिणीने पलीकडून विचारलं होतं, "मागे पिठाची गिरणी आहे का गं?"

कुंदाताईंनी तर त्याची केवढी निगा राखली होती. माहेरी पहिला रेडिओ आला तेव्हा त्यांच्या आईने त्याला मऊ बैठक शिवली होती. त्याच मायेने त्यांनी लॅपटॉपसाठी कापसाची छोटी गादी शिवली आणि निळी झालर लावली.

त्या दुपारी पौर्णिमाचे वडील नत्थुजी अंजनगाव सुर्जीहून आले. कपाशी पिकवणारा माणूस. त्यांना यंत्रातलं काय कळणार, असं कुंदाताईंना वाटलं.

"काहून घोरून राह्यलं हे?"

"तापते, बाबा. उद्या बंद पडला तर गेली नोकरी."

नत्थुजींनी लॅपटॉप बंद करायला लावला आणि उलटा धरला. तळाच्या जाळीत कापसाचे तंतू अडकले होते. त्यांनी गादीकडे पाहिलं, झालरीवरून बोट फिरवलं.

"कापूस दाबून भरला का आतून असाच तापते. आमी गंजीखाली लाकडं टाकतो. खालून हवा पाह्यजे."

कुंदाताईंचा चेहरा उतरला. नत्थुजी त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "विहीणबाई, एक मागू काय? बसमंदी पाठ गेली माही. हे गादी मले देता? त्याचं काय, टेबलावर बी भागते."

इतक्या हळुवारपणे कुणी त्यांची चूक उचलून नेली नव्हती. त्या उठल्या आणि कपाटातून शाळेतली फळा पुसायची दोन लाकडी डस्टरं घेऊन आल्या. तीस वर्षांची नोकरी होती त्यांत.

"ही चालतील का, लाकडं म्हणून?"

"झकास."

नत्थुजींनी कोरड्या ब्रशने जाळी साफ केली आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली डस्टरं सरकवली. पौर्णिमाने लॅपटॉपवर उगीच उघडी ठेवलेली बावीस पानं बंद केली. दुसऱ्या दिवशी पाऊण तास मुलाखत चालली. पंखा नुसता कुजबुजत होता.

पौर्णिमा आता नागपूरला शिकवते. डस्टरं तिच्याच टेबलावर आहेत. नत्थुजींनी ती गादी ट्रॅक्टरच्या सीटवर टाकली. झालर काळी पडली, तरी कुणाला काढू देत नाहीत. आणि कुणाचा लॅपटॉप घरघरला, की कुंदाताई आधी तो उचलून खाली काय आहे ते बघतात. "आमच्या व्याह्यांनी शिकवलं," म्हणतात. गादी कुणी शिवली होती, ते मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही. नत्थुजींनीही नाही.