तेल लावलेल्या रबराचं वजन

रबराला आधी तेल लाव, मग मोज, हे स्मारांदाला सांगून सांगून माझी दांडी झिजली. ही बया कोरडंच मोजते, मागाहून तेल चोळते आणि वर म्हणते, "तेलाला कसलं आलंय वजन!"

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. स्मारांदाच्या वडिलांनी, त्रायाननी, मला बांबूच्या कामटीची आणि रेशमी दोऱ्याची घडवली. माझं शिक्षण एकाच आकड्याचं: ग्रॅमचे दहा भाग केले तर त्यातले चार. तेवढी तांब्याची तार एका पारड्यात, रबराचं वेटोळं दुसऱ्यात. ते वेटोळं पिळून लावलं की आमचं माशीच्या पंखासारखं विमान छताखाली उडतं. रबर जड निघालं तर उड्डाण बाद. त्रायान श्वास रोखून मोजायचे आणि म्हणायचे, "हिचा शब्द शेवटचा." ते गेले, बॅटरीचा काटा आला आणि मी स्मारांदाच्या सामानातल्या डबीत पडले.

परवा स्लानिकच्या मिठाच्या खाणीत, जिथे छत उंच आणि वारा नाही, अशा विमानांच्या निवडीची शेवटची फेरी होती. जमलं तर स्मारांदा देशाच्या संघात, नाहीतर घरी. गारठ्यानं बॅटरीच्या काट्याचे आकडे नाचायला लागले, तेव्हा बाईंना माझी आठवण झाली. तेलकट वेटोळं तिनं माझ्यावर ठेवलं. पारडं खाली गेलं. तिनं उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा खाली!

"काय गं, मक्याच्या पिठाची मामलीगा घोटतेस की रबर मोजतेस?" पंच निस्तोरकाका ओरडले. "दहाच मिनिटं उरलीत!"

"जड भरतंय हो काका! बाकीची वेटोळीही मी कोरडीच मोजलीत."

"मग पूस तेल!"

"पुसलं तर पिळतानाच तुटेल."

राहिली फक्त वेटोळं बांधलेल्या गाठीची टोकं. ती कापायची, पण केसभर जास्त कापलं आणि उडताना गाठ सुटली, तर रबराच्या फटक्यानं विमानाचा चुरा. तिनं कात्री उचलली. जास्त कापलं जाईल या भीतीनं तिनं अगदी केसाएवढंच टोक पात्यात धरलं, आणि खरं सांगते, मीही घाबरले होते. इतकी वर्षं डबीत काढलेली मी. दोऱ्याला ओल लागली असेल तर? दांडी वाकली असेल तर? माझ्या एका चुकीच्या शब्दानं पोरीचं सगळं जायचं.

टोक पडलं. पारडी हलली, डुलली आणि एका पातळीत थांबली.

तिनं रबर पिळून विमानाला लावलं. विमान गोल गोल फिरत अंधाऱ्या छताकडे गेलं. वीस मिनिटं मी त्या गाठीचाच विचार करत होते. ते अलगद उतरलं, तरी माझी भीती उतरेना, कारण निस्तोरकाका रबर काढून स्वतःच्या काट्यावर ठेवत होते.

"चार," ते म्हणाले. "जा, पोरी. संघात आलीस."

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला अडगळीत टाकू नका, आणि तिनं नको ते सांगितलं म्हणून तिच्यावर रुसूही नका.

स्मारांदा डोळे पुसत मला डबीत ठेवत होती. मी मोठ्यानं सुनावलंच: "पोरी, आज तुला तुझ्या भीतीनं वाचवलं. हुशारीनं तर केव्हाच घरी पाठवलं होतं!"