पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

आमच्या गाडीला आई 'म्हातारी' म्हणायची आणि बाबांना ते अजिबात खपायचं नाही. "नीट ठेवली तर तुला-मला पुरून उरेल ती," असं म्हणायचे. नीट ठेवायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही. मिस्त्रीच्या घरची गाडी ती. गिऱ्हाइकांच्या गाड्या संपल्या की तिचा नंबर, आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या काही संपायच्या नाहीत.

मग आईच्या पाठीच्या हाडांत दुखणं शिरलं. बरेच दवाखाने झाले. शेवटी डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता औषधं फक्त कळा कमी करण्यापुरती. घरी न्या, त्यांना हवं ते करू द्या. आईला हवं होतं ते एकच. मावशीकडे जायचं. मावशी म्हणजे तिची थोरली बहीण, टेकडीपलीकडे तळ्याकाठी राहते, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिला येणं शक्य नव्हतं, म्हणून आईनंच जायला हवं होतं.

दवाखान्याच्या गाडीतून आईला घरी आणलं, तेव्हा स्ट्रेचरवर हादरे बसून ती अर्धमेली झाली होती. "त्या डब्यात मला पुन्हा घालायचं नाही," असं तिनं बजावलं. आमच्या गाडीची पुढची सीट पार मागे रेलते. चार उशा लावल्या की तिला तिच्यात बरं वाटायचं. अडचण होती ती पुढच्या डाव्या चाकाची. बारीकसारीक खड्ड्यांवर तिथून खट् असा आवाज यायचा, बरोबर तिच्या सीटखालून, आणि प्रत्येक धक्का थेट तिच्या मणक्यात जायचा. ती ओरडायची नाही. नुसती दाराची मूठ घट्ट धरायची.

"एवढा आवाज काढतो आणि मग जाऊन येऊ," बाबा म्हणाले.

मी बाबांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे सांगते, सस्पेन्शनचा आवाज फार लबाड. येतो एकीकडून आणि ऐकू येतो भलतीकडेच. बाबांनी आधी लिंक रॉड हलवून बघितला. तो ढिला होता, बदलला. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. मग शॉकअपच्या वरचं रबर बदललं. मग चाक वर-खाली धरून हलवून बघितलं, बॉल जॉइंट घट्ट होता. फेरी मारली, की आपला खट् हजर! बाबा गाडीला अशा काही शिव्या घालायचे, की आई आतल्या खोलीतून म्हणायची, "अहो, तिचंही वय झालंय हो, जरा सबुरीनं घ्या."

मग एके दिवशी बाबांनी गाडी पिटवर घेतली, म्हणजे गॅरेजातल्या त्या खड्ड्यावर, जिथं खाली उभं राहून गाडीचं पोट बघता येतं. आईला सीटवर बसवलं. मी बॉनेट दाबायची आणि सोडायची. बाबा खाली एकेका सांध्यावर तळहात ठेवून उभे, कारण गॅरेजात जन्म घालवून त्यांचे कान आता कामातून गेलेत. आई डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "आता... नाही... आता."

"सापडला!" बाबा खालून ओरडले. लोअर आर्म म्हणून एक लोखंडी दांडा असतो, चाकाला गाडीशी धरून ठेवणारा. त्याच्या मागच्या सांध्यात रबराचा बुश असतो. तो वरून साळसूद दिसत होता आणि आतून पार फाटलेला.

"मिस्त्रीची बायको आहे म्हटलं मी!" आई म्हणाली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

आणि तिथंच आमचं गाडं अडलं. ते मॉडेल बंद होऊन जमाना झालेला. बाबांनी झाडून सगळ्या पार्टवाल्यांना फोन केले. एकानं सांगितलं, मागवतो, पुढच्या आठवड्यात येईल. तो आठवडा गेला, पार्टवाला पुन्हा म्हणाला, पुढच्या आठवड्यात. आई आधी काठी घेऊन न्हाणीपर्यंत जायची. मग मला धरून जायला लागली. मग मी उचलून न्यायला लागले.

"बाबा, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून भरू या," मी म्हटलं. "आवाज दबेल. जाऊन तर येऊ."

बाबा भडकले. "असली मलमपट्टी या गॅरेजात होत नाही! एकदाच बुशसकट नवा आर्म टाकू, मग दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षं?" माझं डोकं फिरलं. "कुणाला हवीत दहा वर्षं? तुमच्या गाडीला?"

ते पाठ फिरवून, आधीच पुसलेले पाने पुन्हा पुसत बसले. मला त्यांचा इतका राग आला होता, की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आईला ते कळलंच. न्हाणीत तिचे केस धुताना, म्हणजे उरले होते तेवढे, ती म्हणाली, "ह्यांच्या मागे लागू नकोस."

"का नको? तुला जायचंय ना?"

"जायचंय गं. पण पार्ट येईपर्यंत मी आहे, असं धरून चाललेत ते. धरू दे."

"आणि मावशी? ती रोज फोन करून विचारते."

आईनं डोळ्यांवरचं पाणी निपटलं. "ताई समजून घेईल," ती म्हणाली. "थोरली आहे ना. लहानपणापासून तिनंच समजून घेतलंय." मी तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले.

पार्टवाल्याचा पुन्हा फोन आला आणि पुन्हा तेच. बाबा फोन ठेवून येरझाऱ्या घालायला लागले. मग म्हणाले, "बुशला अजून किती खेळ आहे, किती हलतोय ते बघतो. तिला आण." मी आईला उचलून आणलं. बाबा दिवा घेऊन पिटमध्ये उतरले.

माणूस सीटवर बसलं, की स्प्रिंग दबते, आर्म जरासा हलतो आणि फाटलेलं रबर तोंड उघडतं. तेच त्यांना बघायचं होतं. मी आईला अलगद ठेवलं, उशा नीट केल्या.

"बसव तिला," बाबा खालून म्हणाले.

"बसवली."

"अगं, बसव म्हणतोय ना!"

"बाबा, ती केव्हाची बसलीये."

खालून आवाज आला नाही.

"अहो, झोपलात की काय?" आईनं विचारलं. मी पायऱ्या उतरून खाली गेले. बाबा दिवा धरून त्या आर्मकडे बघत उभे होते. आई सीटवर बसूनही तो जागचा हलला नव्हता; तिचं तेवढंही वजन उरलं नव्हतं. बाबांचा हात त्याच्यावर तसाच होता आणि ते रडत होते. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "ती जुनी ट्यूब आण," ते म्हणाले.

मी आणली. बाबांनी सुरीनं पातळ पट्ट्या कापल्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवल्या. मी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून आर्म रेटून धरला, आणि ते फाटलेल्या बुशात एकेक पट्टी पेचकसानं सरकवत गेले. वरून तारेचे वेढे दिले. असलं काम दुसऱ्या कुणी केलं असतं, तर त्यांनी त्याला गॅरेजाबाहेर काढलं असतं. पण इतक्या निगुतीनं काम करताना मीही त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी वर जाऊन बॉनेट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. खट् नाही.

"गेला," आई म्हणाली.

मी पिटच्या काठावर बसले. "किती टिकेल हो?" गिऱ्हाईक विचारतं, तसं माझ्या तोंडून निघून गेलं.

"जाऊन यायला..." बाबा म्हणाले आणि थांबले. हातातली तार त्यांनी गुंडाळून खाली ठेवली.

"जायला पुरेल," ते म्हणाले.

गाडीचं दार उघडंच होतं. आईनं ऐकलं होतं. मला तिच्याकडे बघायचा धीर होईना. आणि मग तिचा आवाज आला. किती महिन्यांत इतका हलका आवाज मी तिचा ऐकला नव्हता.

"अहो, मग आत्ताच निघू या ना. ताईला फोन लावा. म्हणावं, मी राहायला येतेय."